कार्पल टनेलच्या ऑपरेशननंतर: पहिल्या रात्रीपासून चकलीच्या सोऱ्यापर्यंत

कार्पल टनेलचं ऑपरेशन, म्हणजे मनगटात दबलेली नस मोकळी करण्याचं, तसं छोटं. तळहाताच्या मुळाशी ३-४ सेंटिमीटरचा छेद, पंधरा-वीस मिनिटांचं काम, बहुतेकांना फक्त हातापुरती भूल आणि त्याच दिवशी घरी. म्हणूनच घरात सगळे धरून चालतात की टाके निघाले की हात मोकळा. मी फिजिओथेरपिस्ट आहे, मनगटाचे आणि बोटांचे रुग्ण रोज बघते. ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येणाऱ्यांचा प्रश्न जवळपास ठरलेला असतो: "टाके निघाले, जखम भरली, तरी कुकरचं झाकण लावता येत नाही. ऑपरेशन फसलं का?" बहुतेक वेळा काहीही फसलेलं नसतं. पुढचे तीन महिने कसे जाणार आहेत हे त्यांना कुणी नीट बसून सांगितलेलं नसतं, एवढंच.

आत नेमकं काय केलेलं असतं

मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला छोट्या हाडांची एक खोलगट खोबण आहे आणि तिच्यावर एक जाड, चिवट पट्टा ताणलेला आहे. या बोगद्यातून, म्हणजे कार्पल टनेलमधून, बोटं मिटवणाऱ्या ९ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि मीडियन नावाची एक नस जाते. जागा अपुरी पडली की पहिली दबते ती नस. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची जाणीव तिच्याकडे असते. करंगळी तिच्याकडे नाही. अंगठ्याच्या मुळाशी जो मऊ उंचवटा आहे, त्यातले बरेचसे स्नायूही तीच चालवते. ऑपरेशनमध्ये तो पट्टा उभा कापतात, म्हणजे नसेवरचा दाब जातो. पट्टा परत शिवत नाहीत. त्याच्या दोन कडांमधल्या फटीत हळूहळू नवं ऊतक भरतं आणि तो आधीपेक्षा जरा सैल होऊन जुळतो.

म्हणजे बऱ्या व्हायच्या गोष्टी तीन आहेत आणि तिघींचा वेग वेगळा आहे. कातडी दोन आठवड्यांत सांधते. पट्टा आणि त्यावर अवलंबून असलेली तळहाताची ताकद यांना तीन महिने, कधी सहा महिने लागतात. नसेचं मात्र ती किती काळ आणि किती दबली होती यावर ठरतं. नसेचं नुसतं आवरण दुखावलेलं असेल तर रात्री झोपेतून उठवणाऱ्या मुंग्या पहिल्या काही रात्रींतच थांबतात. कित्येकांना तर ऑपरेशनच्या दुसऱ्या रात्री जखम दुखत असूनही कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी झोप लागते. पण आतले तंतूच मेले असतील तर ते मनगटापासून नव्याने वाढत बोटाच्या टोकापर्यंत जातात, तेही दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने. मनगटापासून मधल्या बोटाचं टोक १७-१८ सेंटिमीटरवर असतं. हिशेब करा, सहा महिने होतात. अंगठ्याचा उंचवटा ऑपरेशनच्या आधीच बसून सपाट झाला असेल तर वर्षभर वाट बघावी लागते आणि काहींचा तो पूर्ण भरत नाही.

म्हणून ऑपरेशनआधीच सर्जनना एक प्रश्न विचारा: माझ्या नसेचं नुकसान सौम्य आहे, मध्यम की तीव्र? एनसीव्ही तपासणीच्या, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टवरून ते सांगू शकतात. तुमचे पुढचे सहा महिने कसे जातील याचा सगळ्यात खरा अंदाज या एका उत्तरात मिळतो. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं असेल तर छेद लहान असतो आणि माणूस थोडा लवकर कामाला लागतो, पण आत कापलेला पट्टा तोच असतो. काही महिन्यांनी दोन्हींत फारसा फरक उरत नाही.

आधीच्या आठवड्यात करून ठेवायची कामं

अंगठ्या, बांगड्या, पाटल्या, तोडे घरीच काढा, तेही दोन दिवस आधी. वर्षानुवर्षं न काढलेली अंगठी साबण लावून, हात वर धरून, सावकाश निघते. ऑपरेशनच्या सकाळी घाईत ओढाओढ केली की बोट सुजतं आणि मग ती कापावी लागते. नखं कापा, नेलपॉलिश पुसा, त्या हातावर मेंदी काढू नका.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सर्जनना सांगा. त्या स्वतःच्या मनाने बंदही करू नका आणि लपवूही नका. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणूनच ऑपरेशनला जा, कारण जखम भरणं आणि पू न होणं या दोन्हींचा तिच्याशी थेट संबंध आहे. थायरॉइडची तपासणी बरेच दिवस झाली नसेल तर विचारून घ्या. थायरॉइड कमी असणं हे नस दबण्यामागचं एक नेहमीचं कारण आहे आणि ते तसंच राहिलं तर दुसऱ्या हातालाही तोच त्रास होऊ शकतो. तंबाखू, मिश्री, सिगारेट हे सगळं जखम भरायला उशीर लावतं. निदान ऑपरेशनच्या आगेमागे काही आठवडे तरी सोडा.

मग घर. ज्या हाताचं ऑपरेशन आहे तो बांधून ठेवून एक दिवस घरातली कामं करून बघा, कुठे अडतं ते लगेच कळतं. साखर, चहा, तिखट, तेल लहान डब्यांत काढून, झाकणं सैल लावून, कमरेच्या उंचीवर ठेवा. कणकेसाठी फूड प्रोसेसर असेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाला तो चालवायला शिकवा, नसेल तर दोन-तीन आठवडे पोळ्या बाहेरून घ्या. नाडीच्या सलवारी आणि परकर बाजूला ठेवून इलॅस्टिकचे कपडे काढा. पाठीमागे हुक असलेले ब्लाउज पहिल्या दोन आठवड्यांत एकटीने घालता येत नाहीत, तेव्हा पुढून उघडणारा गाउन किंवा सैल कुर्ता बरा. उजव्या हाताचं ऑपरेशन असेल तर सह्यांची कामं, चेक, बँकेचे फॉर्म आधी उरकून घ्या. दोन आठवडे तुमची सही तुमच्यासारखी येणार नाही.

आणि एक गोष्ट लोक संकोचाने विचारत नाहीत, म्हणून मीच सांगते. डाव्या हाताचं ऑपरेशन असेल तर शौचाला गेल्यावर काय? ड्रेसिंग भिजवायचं नाही आणि डाव्या हाताची सवय उजव्याला नसते. आधीच जेट स्प्रे बसवून घ्या आणि उजव्या हाताने सराव करा. उजव्या हाताचं ऑपरेशन असेल तर जेवण चमच्याने, डाव्या हाताने. ताटावर बसलेल्यांनी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

विम्यातून करत असाल तर आधी मंजुरी घ्या. हे ऑपरेशन डे-केअरमध्ये मोडतं, तेव्हा पॉलिसीत डे-केअरसाठी काय अटी आहेत ते वाचा आणि एनसीव्हीचा रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड एकाच फाइलमध्ये ठेवा.

पहिले तीन दिवस

भुलीचा परिणाम काही तास राहतो. तोवर हात दुखत नाही, पण त्याला काही कळतही नाही. गरम चहाचा कप त्या हातात धरू नका. दुखण्याची गोळी भूल पूर्ण उतरण्याच्या आधीच, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रमाणात घ्या. दुखणं चढल्यावर गोळी घेतली की ते खाली यायला वेळ लागतो. मूत्रपिंडाचा किंवा ॲसिडिटीचा जुना त्रास असेल तर गोळी लिहून देतानाच सांगा.

पुढे दोन गोष्टी सगळ्यात महत्त्वाच्या आहेत: हात उंच ठेवणं आणि बोटं हलवणं. बाकी काही विसरलात तरी चालेल, या दोन विसरू नका.

हात हृदयापेक्षा वर हवा. बसल्यावर खुर्चीच्या हातावर दोन उशा, झोपल्यावर अंगाशेजारी उशा, चालताना पंजा खांद्याच्या उंचीला. गळ्यातली झोळी लोकांना सुरक्षित वाटते, पण तिच्यात पंजा पोटाशी लोंबतो, सूज उतरत नाही आणि खांदा आखडतो. बसस्टँडवर, गर्दीत कुणाचा धक्का लागू नये म्हणून घाला आणि घरी आलात की काढा.

बोटं त्याच संध्याकाळपासून हलवायची. जागे असताना दर तासाला पाच-दहा वेळा बोटं पूर्ण उघडा, जमेल तेवढी मिटा. ड्रेसिंग जाड असेल तर मूठ अर्धीच होईल, चालेल. यामुळे टाके सुटत नाहीत. उलट ९ कंडरा त्या ताज्या जखमेखालून सरकत राहिल्या तर त्या आणि नस आजूबाजूच्या ऊतकाला चिकटत नाहीत. जे घाबरून हात लाकडासारखा धरून ठेवतात, त्यांना पुढे बोटं सोडवायला माझ्याकडे आठवडेच्या आठवडे यावं लागतं. कोपर आणि खांदाही दिवसातून तीन-चार वेळा पूर्ण वर नेऊन खाली आणा.

ड्रेसिंगवर रक्ताचा लहान डाग दिसणं नेहमीचं आहे. पूर्ण भिजायला लागलं तर हात उंच धरून स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरा. त्यानंतरही थांबलं नाही तर दवाखान्यात जा.

टाके निघेपर्यंत

साधारण १० ते १४ दिवस. जखम कोरडी ठेवायची. अंघोळीला हातावर प्लास्टिकची पिशवी चढवा, कोपराखाली रबरबँडने किंवा चिकटपट्टीने बांधा आणि हात वर धरूनच दुसऱ्या हाताने तांब्याने पाणी घ्या. रबरबँड रुतेल इतका घट्ट नको, अंघोळ झाली की लगेच काढा. भांडी घासायला रबरी हातमोजा हा पर्याय नाही, आत घाम येऊन जखम ओली राहते. घरात भांडी घासायला दुसरं कुणीच नाही असं म्हणणाऱ्या बायकांना मी इतकंच विचारते की पाय मोडला असता तर कुणी घासली असती.

जखमेवर हळद, कोरफड, तूप, आजीचं कसलंही तेल लावू नका. हळदीबद्दल मला राग नाही, पण बंद जखमेत बाहेरून काही भरलं की तिथे जंतूंना जागा मिळते आणि डॉक्टरांना जखम बघताना लाली दिसत नाही. गरम शेकही आत्ता नको.

स्प्लिंट, म्हणजे मनगट सरळ धरून ठेवणारी पट्टी, प्रत्येकाला लागत नाही. काही सर्जन पहिले काही दिवस देतात, काही देतच नाहीत, आणि सगळ्यांनी बरेच आठवडे स्प्लिंट घालून फायदा होतो असं दिसलेलं नाही. दिली असेल तर किती दिवस ते विचारून घ्या आणि तेवढेच दिवस घाला. एक हालचाल मात्र पहिले दोन-तीन आठवडे टाळा: मनगट आत वाकवून घट्ट मूठ वळणं. वरचा पट्टा कापलेला असल्यामुळे या स्थितीत कंडरा ताज्या जखमेच्या दिशेने पुढे ढकलल्या जातात.

उचलायचं किती? चहाचा कप, पेन, घास. त्याच्या पुढे नाही. लेखणीचं, माउसचं, फोनचं हलकं काम आठवड्याभरात बरेच जण सुरू करतात, मध्ये हात उंच ठेवायला विश्रांती घेत. फोन एका हातात धरून त्याच अंगठ्याने टाइप करू नका, तो उभा टेकवून ठेवा.

टाके निघाल्यावर: व्यायाम आणि व्रण

इथून खरं काम सुरू होतं आणि नेमका इथेच लोकांचा उत्साह एक तर सुटतो किंवा सांडतो. पुढचा व्यायाम दिवसातून चार-पाच वेळा करायचा, प्रत्येक स्थिती पाच सेकंद, प्रत्येक फेरी पाच ते दहा वेळा. मनगट सरळ, कोपर टेबलावर टेकलेलं.

१. बोटं सरळ, छताकडे.
२. मुळाचे सांधे सरळ ठेवून फक्त पुढचे दोन सांधे वाकवा, आकड्यासारखी. सगळ्यात कमी केली जाणारी आणि सगळ्यात उपयोगाची स्थिती हीच, कारण यात दोन थरांतल्या कंडरा एकमेकींवरून सर्वांत जास्त सरकतात.
३. परत सरळ, मग पूर्ण मूठ.
४. परत सरळ, मग फक्त मुळाचे सांधे काटकोनात, बाकी बोटं ताठ.
५. त्याच स्थितीतून मधले सांधे वाकवून बोटांची टोकं तळहाताच्या मुळाशी टेकवा, टोकाचे सांधे सरळ ठेवून.

यानंतर अंगठ्याचं टोक एकेका बोटाच्या टोकाला लावत करंगळीपर्यंत न्या, आणि जमेल तसं करंगळीच्या मुळापर्यंत. ताणल्यासारखं वाटावं, कळ येऊ नये. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं अर्ध्या-पाऊण तासात उतरलं तर प्रमाण बरोबर आहे. संध्याकाळपर्यंत हात सुजला तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. नस सरकवण्याचे वेगळे व्यायाम असतात, ते व्हिडिओ बघून करू नका. नस ताणली गेली तर मुंग्या वाढतात, तेव्हा ते एकदा कुणाकडून तरी समोर बसून शिकून घ्या.

जखमेवरची खपली पूर्ण गेली, कुठे ओल नाही, अशा वेळी, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, व्रणाची मालिश सुरू करा. खोबरेल तेल पुरतं. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आधी व्रणाच्या बाजूने, मग व्रणावर, लहान गोल आणि आडवं-उभं, पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. दाब इतका की अंगठ्याखालची कातडी पांढुरकी व्हावी. अंगठा नुसता तेलावरून घसरत असेल तर उपयोग नाही, कातडीच खालच्या थरावरून सरकली पाहिजे. पहिले दोन महिने व्रण कडक आणि लालसर राहतो, मग मऊ पडतो.

काहींना व्रणाला नुसता कपडा लागला तरी झिणझिणतं. त्यासाठी पोत बदलत न्यायचा: आधी कापूस, मग मऊ सुती कापड, मग टॉवेल, मग तांदळाच्या भांड्यात हात घालून फिरवणं, शेवटी हरभऱ्याची डाळ. रोज काही मिनिटं. घरातच सगळं असतं आणि हा उपाय खरंच चालतो. बाहेरच्या मालीशवाल्याकडे मात्र हात देऊ नका. मनगट ओढून, कटकन आवाज काढून नस "बसवणारे" लोक गावोगावी आहेत. नुकत्याच कापलेल्या पट्ट्यावर तो प्रयोग नको.

तळहाताच्या मुळाचं दुखणं, ज्याची सगळ्यांना भीती वाटते

जखम भरली, मुंग्या गेल्या, आणि आता तळहाताच्या मुळाशी, व्रणाच्या दोन्ही बाजूंना, अंगठ्याकडे आणि करंगळीकडे, दाबलं की खोल दुखतं. टेबलाची कड लागली तरी जीव जातो. डॉक्टर याला पिलर पेन म्हणतात. तो पट्टा ज्या हाडांना दोन्हीकडे बांधलेला होता, तिथलाच हा त्रास. पट्टा कापल्यावर खोबण थोडी रुंदावते आणि अंगठ्याचे व करंगळीचे स्नायू ज्याला धरून काम करायचे तो आधार काही काळ ढिला होतो. हे दुखणं बऱ्याच जणांना होतं, बहुतेकांचं तीन महिन्यांत ओसरतं, थोड्यांचं सहा महिने रेंगाळतं. नस पुन्हा दबल्याची ही खूण नाही. दबलेल्या नसेच्या मुंग्या बोटांत येतात. हे दुखणं तळहाताच्या मुळाशीच राहतं.

ताकदीचंही तसंच. तिसऱ्या आठवड्यात मुठीची पकड ऑपरेशनच्या आधीपेक्षाही खूप कमी, पाव-तृतीयांशाच्या आसपास असते. सहाव्या आठवड्यात पाऊण भागापर्यंत येते, तिसऱ्या महिन्याच्या सुमारास जुन्या पातळीवर, आणि सहा महिन्यांत बऱ्याच जणांची त्याहून पुढे जाते. चिमटीची ताकद मात्र लवकर येते. म्हणून सहाव्या आठवड्यात सुईत दोरा जातो, पण पंचा पिळता येत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

या काळात तळहाताच्या मुळावर थेट दाब टाळा. सायकलवाले वापरतात ते गादीचे बिनबोटी हातमोजे घेतले तर गाडीवर आणि कामावर खूप फरक पडतो. जमिनीवरून उठताना आपण सगळे नकळत तळहात टेकतो, त्याऐवजी खुर्चीला कोपराचा आधार घ्या किंवा काही आठवडे खालीच बसू नका. सूर्यनमस्कार, दंड, हातांवर भार येणारी आसनं तीन महिने बंद. जखम पूर्ण भरल्यावर कोमट पाण्यात हात बुडवून बोटांचे व्यायाम केले तर आराम पडतो, पण बोटं बधिर असतील तर पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या हाताने बघा. बधिर बोटांनी तवा, कुकर, इस्त्री हाताळतानाही हेच. भाजलेलं कळतच नाही.

कोणतं काम कधी

हे आकडे साध्या, गुंतागुंत न झालेल्या ऑपरेशनचे आहेत. तुमच्या सर्जननी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका.

सहा आठवड्यांपर्यंत किलो-दोन किलो, म्हणजे दुधाच्या एक-दोन पिशव्या. त्यानंतर वाढवत जा. १५ लिटरची भरलेली बादली, कळशी, भरलेला सिलिंडर हे तीन महिन्यांच्या आत नको. सिलिंडरमध्ये नुसता गॅसच १४.२ किलो असतो, वर टाकीचं वजन तेवढंच.

स्वयंपाकघरात माझा क्रम असा असतो. भाजी निवडणं, फोडणी देणं, चहा करणं टाके निघाल्यावर लगेच. चाकूने मऊ भाज्या चिरणं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, जाड मुठीचा चाकू घेऊन, भोपळा आणि सुरण नंतर. पोळी लाटणं सहा आठवड्यांनी, कारण लाटणं नेमकं तळहाताच्या मुळाखाली फिरतं, आणि तेही दोन पोळ्यांपासून सुरुवात. भाकरी थापणं त्यानंतर. कणीक मळणं, नारळ खवणं, कपडे पिळणं, खलबत्ता हे सगळं आठ ते बारा आठवड्यांच्या पुढे. आणि चकलीचा सोऱ्या सगळ्यात शेवटी. घट्ट पीठ, फिरवणारा किंवा दाबणारा दांडा, आणि सगळा जोर तळहाताच्या मुळावर. दिवाळीच्या महिना-दीड महिना आधी ऑपरेशन झालं असेल तर त्या वर्षी चकल्या दुसऱ्या कुणीतरी पाडायच्या. हे मी सासूबाई समोर असताना मुद्दाम मोठ्याने सांगते.

ऑफिसचं काम एक-दोन आठवड्यांत होतं. टेबलाच्या कडेवर मनगट टेकू नये म्हणून कीबोर्ड थोडा आत सरकवून हाताला आधार द्या. शिवणकाम करणाऱ्यांनी मशीन चौथ्या-पाचव्या आठवड्यात थोडं थोडं चालवावं, कापड कापायची मोठी कात्री मात्र दोन महिने दूर ठेवावी. खुरपणी, धारा काढणं, गवंडीकाम, पाना-हातोडा, ड्रिल मशीन यांना सहा ते बारा आठवडे लागतात. रजेचा दाखला घेताना "ऑफिसमध्ये काम करतो" एवढंच सांगू नका. हाताने नेमकं काय करता ते सांगा, डॉक्टर दिवस त्यावरूनच लिहितात.

दुचाकीबद्दल तारखेपेक्षा चाचणी बरी. गाडी स्टँडवर उभी करून ब्रेक पूर्ण ताकदीने, अचानक, दहा वेळा दाबा. मोटारसायकल असेल तर क्लचही. एकदाही हात कचरला नाही तर घराजवळ चक्कर मारा. बहुतेकांना हे तीन-चार आठवड्यांनी जमतं. खड्ड्यांचे धक्के थेट व्रणावर बसतात, म्हणून लांबचा प्रवास त्याही नंतर. लोकलमध्ये दांडी दुसऱ्या हाताने धरा.

फोन उचलून डॉक्टरांना कधी सांगायचं

दुखणं तिसऱ्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढत असेल, लाली पसरत असेल, पू किंवा ताप असेल तर त्याच दिवशी. बोटं निळी-पांढरी, गार पडली, ड्रेसिंग आवळल्यासारखं वाटून असह्य दुखत असेल तर लगेच, रात्र असली तरी. ऑपरेशनच्या आधी नव्हती अशी नवी बधिरता आली, विशेषतः करंगळीत, किंवा आधी जमत असूनही अंगठा बोटांसमोर येईनासा झाला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

आणखी एक खूण आहे आणि ती उशिरा ओळखली जाते. जखमेच्या मानाने फार जास्त, आग पेटल्यासारखं दुखणं, सगळा पंजा सुजलेला, कातडी चकचकीत, कधी गरम कधी गार, घाम, बोटं आखडलेली. याला सीआरपीएस म्हणतात. हे दुर्मीळ आहे, पण पहिल्या काही आठवड्यांत उपचार सुरू झाले तर खूप फायदा होतो. "सहन करायची सवय नाही" असं कुणी म्हणालं म्हणून गप्प बसू नका.

याउलट, बोटांची टोकं दोन महिन्यांनीही थोडी बधिर आहेत, अधूनमधून विजेसारखी चमक येते, हे घाबरण्यासारखं नाही. नस जागी होताना असं होतं. एनसीव्ही पुन्हा करायची घाईही करू नका. त्रास पूर्ण गेला तरी तो रिपोर्ट बराच काळ, कधी कायमचा, थोडा बिघडलेलाच दिसू शकतो. रात्रीच्या मुंग्या मात्र तीन महिन्यांनीही आधीसारख्याच असतील, किंवा जाऊन परत आल्या असतील, तर सर्जनना दाखवा. पट्टा पूर्ण कापला गेला नसेल किंवा मानेतून येणारी नसही दबलेली असेल, तर ते तपासावं लागतं.

दुसरा हात

बऱ्याच जणांचे दोन्ही हात दुखत असतात आणि एकाचं ऑपरेशन झालं की दुसऱ्यावर सगळा भार येतो. त्या हाताला पहिल्या रात्रीपासून झोपताना मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधा. दिवसा त्याच्यावर पडणारं काम मोजून वाटून द्या. त्याचंही ऑपरेशन ठरलं असेल तर घाई करू नका. पहिल्या हाताने अंघोळ, जेवण, कपडे घालणं आणि एक भरलेलं पातेलं उचलणं बिनदुखता जमायला लागलं की मग तारीख घ्या. साधारण दीड-दोन महिन्यांचं अंतर पडतं. मधल्या काळात पहिल्या हाताची मालिश आणि व्यायाम चालू ठेवा, कारण दुसरा हात बांधला गेला की घरातलं सगळं याच हाताला करायचं आहे.